ड्रम्स स्वतः शिकताय? आधी फिल घेऊन समेवर यायला शिका

घरी बसून, मोबाइलवर व्हिडिओ बघत ड्रम्स शिकणाऱ्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी घसरते. ठेका छान चाललेला असतो. मग फिल येते, म्हणजे ठेका सोडून मध्येच वाजवलेला छोटा भरणा. हात टॉमवरून (समोरच्या आणि बाजूच्या ड्रम्सवरून) गरगर फिरतात, क्रॅश ही मोठी झांज वाजते, आणि तोवर लय पुढे पळालेली असते. वाजवणाऱ्याला ते कळत नाही. गाणाऱ्याला मात्र लगेच कळतं, कारण त्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

पहिली तीन वर्षं मीही अशीच एकटीने शिकले. एका कोजागरीच्या कार्यक्रमानंतर आमची गायिका माझ्या शेजारी येऊन बसली, दुधाचा कप हातात घेऊन. म्हणाली, "अगं, शेवटच्या अंतऱ्याला शब्दच तोंडात मावेनात. तू मध्येमध्ये ते फिरून येतेस ना, दर वेळी गाणं थोडं पुढे सरकतं." घरी येऊन कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला आणि मेट्रोनोमशी, म्हणजे ठरलेल्या लयीत टकटक करणाऱ्या यंत्राशी, ताडून पाहिला. गाणं मिनिटाला ९६ मात्रांवर सुरू झालं होतं, संपलं ११२ वर. ठेक्यात लय जागच्या जागी होती. चढली होती ती प्रत्येक फिलनंतर, पायरी पायरीने.

म्हणून हा लेख मुख्यतः त्या एका जागेबद्दल आहे. बाकीचं भरभर सांगते.

स्टिक ५ए मापाच्या घ्या, हिकरी लाकडाच्या. लांबी साधारण १६ इंच, जाडी साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास. "जाड स्टिकने मनगट बळकट होतं" असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. नवख्या हातात जाड स्टिक आली की तो ती आवळतो, आणि आवळायची सवय सुटता सुटत नाही. उशीवर वाजवायचा सल्लाही सुरुवातीला नको. उशीवर स्टिक उसळतच नाही, आणि सगळं वाजवणं त्या उसळीवर चालतं. स्टूल इतकं उंच ठेवा की मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या राहतील. कानांत इअरप्लग हवेतच. बंद खोलीत ॲकॉस्टिक सेटचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. इलेक्ट्रॉनिक सेट घेतला म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न मिटला असंही समजू नका. खालच्या मजल्यावर पॅडचा आवाज जात नाही, पण किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पेडलचा धमका फरशीतून जातो. पेडलखाली जाड रबर किंवा फोम घाला.

स्टिक मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर धरा, अंगठा आणि तर्जनीच्या पेरात. बाकीची बोटं नुसती टेकलेली असू द्या. अशी धरून ती सरावाच्या रबरी पॅडवर पडू द्या. टप, टप, टप-टप-टपटप करत तिने स्वतःहून उड्या मारत थांबायला हवं. दोनच उड्यांत गप्प झाली तर तुम्ही आवळताय.

रुडिमेंट्सपैकी, म्हणजे हातांच्या मूळ घावक्रमांपैकी, सुरुवातीला तीन पुरे आहेत: सिंगल स्ट्रोक (उजवा-डावा), डबल स्ट्रोक (उजवा-उजवा, डावा-डावा) आणि पॅराडिडल, म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेच्या यादीत ४० आहेत. त्या चाळीसच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका.

ठेका: हाय-हॅटवर (डाव्या पायाच्या पेडलने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर) आवर्तनात, म्हणजे चार मात्रांच्या एका फेरीत, आठ घाव, किक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला, स्नेअर (गुडघ्यांमधला छोटा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. मेट्रोनोम ६० वर. हात-पाय एकत्र यायला आठ-दहा दिवस लागतात, मग ते येतात. आता मुद्द्याचं.

लय नेमकी कुठे पळते

ज्यांनी थोडाफार तबला ऐकलाय किंवा शिकलाय त्यांना हे एका वाक्यात कळेल: आपला ठेका दुगुनीत असतो आणि फिल चौगुनीत. ६० च्या लयीत एक मात्रा एक सेकंदाची. ठेक्यात हाय-हॅटचे घाव अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने पडतात. फिल सुरू झाली की घाव एकदम पाव-पाव सेकंदाने पाडायचे. हाताचा वेग दुप्पट होतो, पण मात्रा तीच राहायला हवी. शिकणाऱ्याचं डोकं इथे मात्रा मोजणं सोडून घाव मोजायला लागतं. सोळा घाव हाणायचे आणि क्रॅशवर पोचायचं, एवढंच त्याला दिसतं. पोचायची घाई झाली की शेवटचे चार घाव आक्रसतात आणि सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, लवकर येते.

दुसरं कारण पायांचं. ठेका सुटला की पायही थांबतात. आतापर्यंत ज्या आधारावर हात चालले होते तो आधार नेमका गरजेच्या वेळी काढून घेतला जातो.

पथकातून आलेल्यांना आणखी एक जास्तीची अडचण असते. मी स्वतः ताशा वाजवत होते, म्हणून सांगते. ढोल-ताशात लय चढवत नेणं हा वादनाचाच भाग आहे. ठेका संथ सुरू होतो, हळूहळू उचलला जातो, आणि शेवटी टिपरू दिसेनासं होतं तेव्हा समोरची गर्दी अंगात आल्यासारखी नाचते. ते तिथे हवंच. पण त्यामुळे अंगाला सवय लागते की जोर वाढला म्हणजे लय वाढवायची. ड्रम सेटवर या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. फिलमध्ये जोर वाढेल, भरणा वाढेल, मात्रा मात्र तसूभरही हलणार नाही. पथकातली मुलं मनगटाने उत्तम असतात, आणि ही एक गोष्ट शिकायला त्यांनाच सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

आता करायचं काय

सुरुवात न वाजवता करा. तीन आवर्तनं ठेका वाजवा, चौथं पूर्ण रिकामं. हात मांडीवर ठेवा आणि मोठ्याने म्हणा: एक, दोन, तीन, चार. पाचव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, किक आणि क्रॅश एकत्र. मोठ्याने म्हणा म्हणजे खरंच मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात मोजलेलं हातांच्या मागे धावतं, तोंडाने मोजलेलं हातांना धरून ठेवतं. पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक जण लवकर येतो, आणि एकही घाव न वाजवता येतो. म्हणजे दोष हातांचा नव्हता. हे सलग दहा वेळा बिनचूक जमेपर्यंत पुढे जाऊ नका. मला नऊ दिवस लागले.

याच वेळी डाव्या पायाला कामाला लावा. ठेक्यात हाय-हॅट बंद ठेवून डावी टाच प्रत्येक मात्रेला उचलून टेकवा, पुढचा पंजा पेडलवर दाबलेलाच राहू द्या. चौथ्या आवर्तनात हात हाय-हॅटवरून उठले की तोच पाय पेडल दाबून प्रत्येक मात्रेला 'चिक' वाजवेल. एक-चिक, दोन-चिक, तीन-चिक, चार-चिक. ही चार चिक फिलमध्ये मात्रेचा खांब आहेत. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचा मी पहिल्या दिवशी डावा पायच बघते. फिलमध्ये तो हवेत लटकला असेल तर त्यांनी किती वर्षं वाजवलंय हे विचारायची गरज उरत नाही.

मग तीच रिकामी जागा भरायला घ्या, पण फक्त स्नेअरवर. टॉमला हात लावायचा नाही. दोन-तीन दिवस प्रत्येक मात्रेला एक घाव. मग मात्रेला दोन. मग चार. चारांसाठी तोंडाने 'तकदिमि' म्हणा: तकदिमि, तकदिमि, तकदिमि, तकदिमि. 'त' नेहमी उजव्या हातावर, किंचित वजन देऊन, आणि त्याच क्षणी पायाची चिक. 'त' आणि चिक वेगवेगळे ऐकू आले की तिथेच थांबा आणि पुन्हा मात्रेला दोनवर या. कंटाळा येतो. मी या टप्प्यावर तीनदा सोडून दिलं आणि तीनदा परत आले, कारण टॉमवर कितीही वाजवलं तरी तीच चूक तिथेही ऐकू येत होती.

टॉमवर जाताना एक वेगळीच चूक होते. साधी फिल घ्या: स्नेअरवर एक तकदिमि, पहिल्या टॉमवर एक, दुसऱ्यावर एक, फ्लोअर टॉमवर एक. शिकणारा 'मि' वाजवतो आणि मग दोन्ही हात उचलून पुढच्या ड्रमवर जातो. त्या प्रवासात एक बारीक फट पडते, आणि ती भरून काढायला पुढचे तीन घाव एकमेकांवर चढतात. ऐकायला येतं ते 'तकदिमि... तकदिमि... तकदिमि', मध्ये धक्के. 'मि' डाव्या हाताचा आहे. तो पडत असताना उजवा हात मोकळा असतो, म्हणून तेव्हाच तो पुढच्या ड्रमच्या वर पोचलेला असायला हवा. डावा वाजवतो, उजवा निघतो. इतकं हळू करा की ते डोळ्यांना दिसेल. आरशासमोर बसून केलं तर दोन दिवसांत जमतं.

शेवटची उडी क्रॅशची. खूप घरांत एकच क्रॅश असते आणि ती डावीकडे, हाय-हॅटच्या वर लावलेली असते. फिल संपते उजवीकडे, फ्लोअर टॉमवर. म्हणजे उजव्या हाताला समेपर्यंत पूर्ण सेट ओलांडून यायचं असतं. शिकेपर्यंत क्रॅश उचलून उजवीकडे फ्लोअर टॉमच्या वर लावा. किंवा क्रॅश वाजवूच नका, समेला सरळ हाय-हॅटवर परत या. आणि क्रॅशखाली किक हवीच. नुसती क्रॅश हवेत विरते, सम लागल्यासारखी वाटतच नाही.

डावखुऱ्यांनी सेट उलटा लावला तरी चालेल, मग वरचे सगळे हात उलटे वाचा. न लावला तरी चालेल. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार डावखुरा असून उजव्या हाताच्या सेटवरच वाजवतो, आणि त्याच्या फिल्सची चाल त्यामुळेच वेगळी आहे.

पूर्ण आवर्तनाची फिल एवढी घोटून घ्यायची, आणि गाण्यात शक्यतो घ्यायची नाही. गाण्यात शेवटच्या एका मात्रेची पुरते. तीन मात्रा ठेका तसाच, चौथीला एक तकदिमि, आणि सम. अंतऱ्यावरून ध्रुवपदावर येताना एवढ्याने गाणं उचललं जातं. शिकणाऱ्यांना हे फार कमी वाटतं. गाणाऱ्याला विचारा, तो सांगेल की पुरेसं आहे.

दोन सल्ले, जे मी ऐकायला नको होते

"आवडतं गाणं हेडफोनमध्ये लावून त्यासोबत वाजव." मजा म्हणून जरूर वाजवा, पण त्याला रियाज समजू नका. रेकॉर्डवरचा ड्रमर तुमच्यासाठी लय धरून असतो. तुम्ही फिलमध्ये पुढे गेलात की कान गाण्याकडे धावतात आणि तुम्ही नकळत मागे येता. चूक झाकली जाते. माझी तीन वर्षं झाकलेली राहिली.

"मेट्रोनोमने वादन यंत्रासारखं होतं." वादन यंत्रासारखं होण्याइतकी लय ज्याच्या हातात आहे त्याने ही काळजी करावी. मात्र रोज प्रत्येक मात्रेला टकटक ऐकणंही घातक आहे, कारण मग मोजायचं काम मेट्रोनोमच करतो. म्हणून ६० वर नीट जमलं की तो ३० वर आणा. तुमची लय ६० चीच ठेवा, आणि टकटक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेची समजा. फिलच्या आवर्तनात आता दुसरी आणि चौथी मात्रा तुमची तुम्हाला सांभाळायची आहे. तिसऱ्या मात्रेची टकटक तुमच्या 'त'वर आली नाही, तर फिल पहिल्या अर्ध्यातच पळाली हे तिथल्या तिथे कळतं.

रोज किती वेळ? अर्धा तास, पण रोज. रविवारी चार तास बसून मनगट दुखवून घेण्यात काही मिळत नाही. मनगटात किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर त्या दिवशी तिथेच थांबा.

आठवड्यातून एकदा स्वतःची परीक्षा घ्या. मोबाइल सेटजवळ ठेवला तर आवाज फाटतो, म्हणून तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. मेट्रोनोमवर ६० ची लय चार मात्रा ऐका आणि तो बंद करा. मग तीन आवर्तनं ठेका आणि एक फिल, असं चार वेळा वाजवा. एकूण १६ आवर्तनं होतात, म्हणजे ६४ मात्रा. पहिल्या घावापासून सतराव्या आवर्तनाच्या समेपर्यंत बरोबर ६४ सेकंद व्हायला हवेत. माझ्या पहिल्या परीक्षेत ५७ झाले होते. रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका, म्हणजे कान निवांत असतात आणि कुठल्या फिलला किती सेकंद गेले हे वेगवेगळं लिहून ठेवता येतं. ६३ ते ६५ च्या आत तीन आठवडे सलग आलात की मेट्रोनोम ६४ वर न्या. तेव्हा हीच १६ आवर्तनं बरोबर ६० सेकंदांत संपायला हवीत.