दोन-तीन शाखा असतील तर मालाची नावं एकाच ठिकाणी ठरवा

आमचं पाईप-फिटिंगचं दुकान सांगलीत, शिवाय मिरज आणि तासगावला शाखा. सांगलीच्या बिलात '६३ एमएम पाईप', मिरजेत 'दोन इंची', तासगावात नुसतंच 'पीव्हीसी २', माल एकच पण कॉम्प्युटरवर तीन वेगळे आयटम, त्यामुळं तासगावातनं गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं आणि मिरजेच्या गोडाऊनला तेच पाईप पडून असायचे, लई जीव तुटायचा.

आता प्रत्येक मालाला एकच कोड दिलाय आणि नवीन आयटम किंवा रेट फक्त सांगलीतनंच टाकायचा, बाकी शाखांना बघायचा आणि बिल करायचा अधिकार, बदलायचा नाही. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं कराच.

गिऱ्हाइकाचं खातं नावावरनं शोधू नका, पाटील तर गल्लोगल्ली आहेत. जीएसटी नंबर घ्या, १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो आणि पुढची १० अक्षरं म्हणजे पॅन. शेतकऱ्याकडं जीएसटी नसतो, तिथं मोबाईल नंबर.

बिलाला शाखेनुसार वेगळी सिरीज ठेवा, फक्त नंबर १६ अक्षरांच्या आत बसवा, तसा नियमच आहे.

आणि जुनी डुप्लिकेट नावं घाईनं उडवू नका, आधी गोडाऊनला जाऊन माल स्वतः मोजा, तो स्टॉक बरोबर कोडवर घ्या, मगच जुनं नाव बंद करा.