शाडू, लवंगा आणि ३ मीटर दोरा

तासगावात सातवीच्या पोरांकडून मी कोरोनाचा विषाणू असा करून घेतो. ३ मीटर दोरा घ्या. मिलिमीटरला १० अक्षरं धरली, की आरएनएची, म्हणजे विषाणूच्या आनुवंशिक मजकुराची, सुमारे ३०,००० अक्षरं झाली. तो गुंडाळून शाडूच्या गोळ्यात घाला, वरून डालडा चोपडा. हे चरबीचं आवरण. साबणानं फुटतं ते हेच. लवंगा तीन-तीन बांधून खोचा, डोकी बाहेर. हे विषाणूचे काटे. खरा काटाही तीन सारख्या प्रथिनांचा असतो, पेशीला तोच धरतो.

आता वटवाघळातल्या विषाणूचा दोरा, तेवढाच लांब. २०१३ साली चीनमधल्या युनान प्रांतात घेतलेल्या नमुन्यातला विषाणू कोरोनाशी ९६ टक्के जुळतो, म्हणून उरलेल्या ४ टक्क्यांसाठी ठिकठिकाणी मिळून १२ सेंटिमीटर शाई लावा. थोडी वाटते, पण एवढा फरक पडायला काही दशकं जातात. तो बाप नव्हे, लांबचा भाऊबंद.