आयर्लंडमधलं रिकामं घर दुरुस्त करून भाड्याने देताय? ग्रँट घालवणाऱ्या या चुका टाळा

नोकरी डब्लिनला आणि गुंतवणूक म्हणून लाँगफर्ड किंवा रॉसकॉमनकडे एखादं जुनं बंद घर, असा बेत असेल तर व्हेकंट प्रॉपर्टी रिफर्बिशमेंट ग्रँट, म्हणजे रिकामं घर दुरुस्त करायला मिळणारं सरकारी अनुदान, तुमच्या कानावर आलीच असेल. ही योजना जुलै 2022 मध्ये आली, पण तेव्हा ती स्वतः राहणाऱ्यांसाठीच होती. 1 मे 2023 पासून घर भाड्याने देणाऱ्यांनाही दार उघडलं. रक्कमही वाढली: रिकाम्या घराला 50,000 युरोपर्यंत आणि मोडकळीला आलेल्या घराला 70,000 पर्यंत. तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. कोकणातल्या कुलूपबंद घरांना असं काही मिळत नाही, तो विषय वेगळा.

अटी कागदावर सोप्या वाटतात. घर 2007 किंवा त्याआधी बांधलेलं हवं, किमान दोन वर्षं रिकामं हवं, अर्ज कंपनीने नव्हे तर व्यक्तीने करायचा. एका माणसाला राहण्यासाठी एक आणि भाड्याने देण्यासाठी एक, अशा जास्तीत जास्त दोन ग्रँट मिळतात. तरीही पैसे बुडतात, आणि बहुतेक वेळा दोष घराचा नसतो. कामाचा क्रम चुकलेला असतो.

किल्ली हातात आली की लगेच तोडफोड

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. किल्ली मिळाली की बिल्डर म्हणतो, पुढच्या आठवड्यात मोकळा आहे, नाहीतर थेट दिवाळीनंतर. मग जुनं किचन उखडलं जातं, दारात स्किप (राडारोड्याचा मोठा डबा) उभा राहतो आणि ग्रँट देणाऱ्या कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, माणूस पाहणीला येतो तेव्हा निम्मं घर उघडं पडलेलं असतं. मंजुरीच्या पत्राआधी केलेलं काम ग्रँटमध्ये धरलं जात नाही. छप्पर गळतंय आणि थांबणं शक्यच नाही, असं असेल तर आधी फोटो काढा आणि कौन्सिलच्या व्हेकंट होम्स ऑफिसरला ईमेल करून विचारा. फोनवर मिळालेलं ‘चालेल’ सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

घर विकत घ्यायच्या आधीही अर्ज करता येतो. बोलणी चालू असल्याचं इस्टेट एजंटचं किंवा मालकाचं पत्र जोडायचं. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि महिने वाया जातात.

‘रिकामं होतं’ हे सांगून भागत नाही

शेजारी सांगतील, गवत गुडघाभर वाढलेलं दिसेल, पण कौन्सिलला कागद लागतो. सगळ्यात कामाचा कागद म्हणजे विजेचं बिल. दोन वर्षांच्या बिलांत वापर जवळजवळ शून्य आणि फक्त स्टँडिंग चार्ज (वापर नसतानाही लागणारा स्थिर आकार) दिसला, तर पुढे कुणी फारसं विचारत नाही. अडचण अशी की ही बिलं आधीच्या मालकाच्या नावावर असतात आणि वीज कंपनी ती तुम्हाला देत नाही. व्यवहार पूर्ण झाल्यावर मालक फोन उचलेलच असं नाही. घर वारसाहक्कातून विकलं जात असेल आणि चार भावंडांपैकी दोघं ऑस्ट्रेलियात असतील, तर विसराच. म्हणून सौदा ठरतानाच आपल्या सॉलिसिटरला (वकिलाला) सांगा की विक्रेत्याकडून वीजबिलं मागून घ्या.

मधे कुणी चार महिने राहून गेलं असेल, तर दोन वर्षांची मोजणी तिथून नव्याने सुरू होते. एजंटच्या ‘बरीच वर्षं बंद आहे’वर विसंबू नका.

एका ओळीचं कोटेशन

‘घराचं पूर्ण नूतनीकरण’ आणि खाली एक आकडा, असं कोटेशन घेऊन जाऊ नका. ग्रँटमध्ये कामांचे गट आहेत आणि प्रत्येक गटाला कमाल मर्यादा आहे. त्यामुळे छप्पर, वायरिंग, प्लंबिंग, खिडक्या यांचे आकडे वेगवेगळे हवेत. कौन्सिल ते आकडे वाजवी आहेत का, हेही पाहतं. शिवाय 50,000 ची मर्यादा व्हॅट धरून आहे. बिल्डरने व्हॅट वगळून आकडा दिला असेल, तर त्यावर 13.5 टक्के चढतील ते खिशातून. ओळखीच्या माणसाला रोख देऊन केलेल्या कामाचं बिल नसतं, आणि बिल नाही तर ग्रँट नाही.

दगडी भिंतींचं जुनं घर असेल तर एक गोष्ट कोटेशनमध्येच पाहून घ्या. अशा भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि दोन हिवाळ्यांत रंगाचे पोपडे निघतात. चुन्याचं काम महाग आहे, पण भाडेकरूच्या तक्रारी त्याहून महाग.

70,000 च्या आशेवर असाल तर घर नुसतं ‘वाईट अवस्थेत’ असून चालत नाही. ते बांधकामाच्या दृष्टीने धोकादायक आहे असा तज्ज्ञाचा अहवाल हवा, नाहीतर घर डेरेलिक्ट साइट्स रजिस्टरवर, म्हणजे कौन्सिलच्या पडक्या मालमत्तांच्या यादीत, हवं.

पैसे शेवटी येतात

या नियमांत रक्कम काम संपून अंतिम पाहणी झाल्यावर हातात पडते. तोवर बिल्डरला तुम्हीच द्यायचं. बचत किंवा कर्जाची सोय आधी करा. ‘ग्रँट आली की देतो’ यावर कुणी छप्पर घालून देत नाही. एसईएआय या सरकारी ऊर्जा संस्थेची इन्सुलेशनची मदत सोबत घेता येते, पण एकाच कामासाठी दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत, आणि तिथेही मंजुरी आधी, काम नंतर.

पाच वर्षांत भारतात परतायचं असेल तर

इथे आपल्या लोकांनी जरा थांबून विचार करावा. ग्रँट देताना कौन्सिल मालमत्तेवर बोजा चढवतं. पाच वर्षांच्या आत घर विकलं किंवा भाड्याने देणं बंद केलं तर पूर्ण रक्कम परत, पाच ते दहा वर्षांत 75 टक्के, आणि दहानंतर काही नाही. आईवडिलांसाठी पुण्याला परतायचा विचार असेल, तर हे आज धरून चाला.

परतल्यावरही घर भाड्याने देत राहता येतं. मात्र आरटीबीकडची (भाडेकरारांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी मंडळाकडची) नोंदणी चालू ठेवावी लागते, आणि मालक परदेशी राहायला गेला की भाड्यातले 20 टक्के भाडेकरू किंवा तुमचा एजंट कापून रेव्हेन्यूकडे (आयरिश करखात्याकडे) भरतो. भाडेकरूला या भानगडीत पडायचं नसतं, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी एजंट नेमून टाका.