पिकअपचा मागचा बंपर बनवायला टाकण्याआधी

आधीच सांगतो, मागचा बंपर. पुढचा नाही. ग्रिलसमोर जाड पाईपचा गार्ड लावायची हौस मलाही होती, आमच्या नाशिकच्या आडगाव नाक्याला दहा मिनिटं थांबलं तरी तसल्या दोन-चार गाड्या दिसतात, पण २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलंय की क्रॅश गार्ड, बुल बार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, कारवाई करा. कायदा सोडा, गाडीला एअरबॅग असेल तर धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत कसा पोचायचा ते कंपनीने ठरवलेलं असतं, मध्ये आपण चाळीस किलो लोखंड घातलं की तो सगळा हिशोब बिघडतो, आणि समोर पायी चालणारा माणूस आला तर पाईप काय दबत नाही. मागे लावतानाही चासी कापायची नाही, बॉडीच्या रुंदीबाहेर काही काढायचं नाही, आणि मनात शंका असेल तर पेठ रोडला आरटीओत आधीच विचारून यायचं, पासिंगच्या दिवशी नाही.

माझी बोलेरो पिकअप आहे, टोमॅटोच्या सीझनला पिंपळगावला रोज फेरी. लिलावाच्या रांगेत मागून ट्रॅक्टरचा हुक लागला की लाईट जातो, आणि कॅरेट चढवणाऱ्या पोरांना पाय ठेवायला पायरी लागते, एवढ्या दोनच गोष्टींसाठी बंपर. हे आधी ठरवून घ्या हं, बंपर कशासाठी पाहिजे ते. मार झेलायला, पायरीला, का टोइंगला? टोइंग म्हणत असाल तर बंपरला हुक जोडून भागत नाही, ओढ थेट चासीवर जायला पाहिजे, तो वेगळा विषय आहे आणि मी त्यात पडलेलो नाही.

आता माप. पहिला बंपर मी तीन वर्षांपूर्वी एका वर्कशॉपला नुसता तोंडी सांगून टाकलेला. फिट झाला, दिसायला एक नंबर, चहापाणी झालं, आणि दुसऱ्या दिवशी मार्केटात फाळका, म्हणजे बॉडीचं मागचं खाली सोडायचं दार, सोडला तर तो अर्ध्यातच पायरीवर आदळून थांबला. सरळ खाली लटकेचना, तिरका उभा राहिला, पोरांच्या नडग्या त्याला ठोकायच्या, आणि आठवडाभरात एका बिजागरीला पीळ बसला. मिस्त्री म्हणे, तुम्ही फाळक्याचं बोललाच नव्हतात. खरंय, नव्हतो बोललो. म्हणून या वेळी टेपच्या आधी मी फाळका पूर्ण खाली सोडला, त्याची खालची कड कुठे येते, कडीकोयंडा किती बाहेर निघतो, खाली येताना तो कसा गोल फिरतो, ते सगळं बघितलं आणि पायरीची वरची पातळी त्याच्या खाली चार बोटं ठेवली.

गाडी सपाट कोब्यावर उभी करायची, रस्त्याच्या कडेला नाही. चासीच्या दोन्ही रेलच्या टोकांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करायची, तसंच बॉडीच्या दोन्ही कोपऱ्यांवरून, मग गाडी पुढे काढून खुणांची मापं निवांत घेता येतात, गाडीखाली आडवं पडून टेप धरायची गरज नाही. कर्ण मोजायचेच. माझ्या गाडीत बॉडी चासीवर अर्धा इंच तिरकी बसलेली निघाली, कधी कुणी ठोकलेली देव जाणे, आता बंपर चासीला सरळ लावला तर बॉडीला वाकडा दिसतो आणि बॉडीला सरळ लावला तर ब्रॅकेट वाकडे, म्हणून ब्रॅकेटची भोकं लांबट ठेवायची म्हणजे फिटिंगच्या वेळी दहा मिलिमीटर इकडेतिकडे करता येतं. उंचीचं माप दोनदा, रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं, कारण पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दबले की मागची बाजू बरीच खाली बसते आणि रिकाम्यावर छान वाटणारा बंपर शेतातून रस्त्यावर चढताना बांधाला घासतो. स्टेपनी कशी निघते तेही बघा. खालून चेनने सुटणारी असेल तर ती फिरवायचा रॉड बंपरमधून जायला भोक लागतं, नाहीतर पंक्चर झाल्यावर कसारा घाटात रात्री बंपर खोलत बसाल.

मापं झाली की पुठ्ठा. आपल्याकडे द्राक्षाच्या पेट्यांचा पुठ्ठा काही कमी नाही, तोच जोडून चिकटपट्टीने पूर्ण बंपर बनवा, लावून बघा, फाळका सोडून बघा, लांबून बघा. आमच्या दाजींचं अंबडला फॅब्रिकेशनचं शेड आहे, ते आधी हसले, म्हणे काय गणपतीची आरास चाललीय का. मग त्याच पुठ्ठ्यावरून लाईटच्या कटआऊटचं माप त्यांनी स्वतः घेतलं. लेझर कटिंगला देणार असाल तर ड्रॉइंगची फाईल लागते, आणि बेंडिंगवाल्याला विचारून घ्या की तो आतली गोलाई किती धरतो, कारण तीन मिलीची शीट काटकोनात वाकवली की बाहेरून मोजलेल्या दोन्ही बाजूंची बेरीज सपाट मापापेक्षा जास्त भरते, हे न कळल्यामुळे पहिल्यांदा लाईटचं भोक चार मिली सरकतं आणि मग ग्राइंडरने कोरत बसतो आपण.

लोखंडाचा हिशोब घरी करून जा, दुकानात उभं राहून नाही. सोपा आहे, एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर शीट म्हणजे ७.८५ किलो. माझी बाहेरची पट्टी १.६५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, ३ मिलीची, ती झाली पावणेबारा किलो. हीच ५ मिलीची घेतली असती तर साडेएकोणीस. आतून ५० बाय ५० चा ३ मिलीचा चौकोनी पाईप दोन लाईन, तो चौदा-साडेचौदा, चासीचे ब्रॅकेट ८ मिली प्लेटचे सहाच्या आसपास, पायरीला चेकर प्लेट (पाय घसरू नये म्हणून उठावाची नक्षी असलेली) आठ-नऊ. म्हणजे चाळीस-बेचाळीस किलो, टोमॅटोचे दोन कॅरेट समजा, जे प्रत्येक फेरीला फुकट वाहायचे. त्यात हे वजन चाकाच्या मागे लटकतं. व्हीलबेस तीन मीटर धरा आणि बंपर मागच्या अ‍ॅक्सलपासून मीटरभर मागे, तर ४२ किलोच्या बंपरने मागच्या अ‍ॅक्सलवर ५६ किलो पडतात आणि पुढच्यावरून १४ उचलले जातात. स्टेअरिंग हलकं लागायला लागतं ते असं. म्हणून कुणी दहा मिलीची प्लेट लाव भाऊ म्हणाला तर त्याला हसून नमस्कार करायचा, मार झेलतो तो आतला पाईप आणि ब्रॅकेट, बाहेरची शीट नाही.

दुकानात जाडी मोजायचा व्हर्निअर खिशात ठेवा. तीन मिली म्हणून २.६ निघते आणि लोखंड किलोवर विकतात म्हणून दुकानदार म्हणतो तुमचं काय नुकसान, नुकसान असं की ताकद आपण तीनची धरलेली असते. साधं माइल्ड स्टील, आयएस २०६२ चं, बस. भंगारातून जुने पाटे आणून त्याचे ब्रॅकेट बनवू नका. पाटा कडक स्टीलचा असतो, साधं वेल्डिंग केलं की टाक्याच्या कडेला तडा जातो, दिसत नाही आणि एक दिवस तुटतो. जीआय, म्हणजे झिंकचा मुलामा दिलेला, पाईप स्वस्त मिळाला तरी वेल्डच्या जागचं झिंक घासून काढल्याशिवाय पेटवायचं नाही, त्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

नटबोल्ट ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा छापलेला असतो तो बघून घ्या, १२ मिलीचे, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, हादऱ्याने सुटत नाहीत ते), दोन्हीकडे जाड वॉशर. बंपर चासीला बोल्टने लावायचा, वेल्ड करायचा नाही, आणि चासीत शक्यतो कंपनीची भोकं आहेत तीच वापरायची. नवीन पाडायचंच झालं तर रेलच्या उभ्या भिंतीत, वरच्या-खालच्या पट्टीत कधीच नाही, सगळा ताण तिथे असतो.

वेल्डिंगच्या दिवसाची तयारी वेगळी. गाडीवर टॅक, म्हणजे तात्पुरता ठिपक्याएवढा वेल्ड, मारायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, अर्थिंगचा क्लॅम्प ज्या पीसवर वेल्ड करताय त्याच्यावरच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून, वायरिंगमधून रस्ता शोधतो आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, खर्च बंपरच्या दुप्पट. डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाईप ओल्या गोणपाटाने झाका, बॉडीत वाळलेला भाजीचा पाला-कचरा असतो तो झाडून काढा, वाळूची बादली हाताशी, काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. आमच्याकडे एकदा दोरीचं भेंडोळं चहाला गेल्यावर धुमसायला लागलेलं. सीओटू वेल्डिंग असेल तर त्या बाजूचा पंखा बंद, वाऱ्याने गॅस उडाला की टाक्यात बारीक बारीक भोकं पडतात. साधा आर्क असेल तर रॉड कोरडे पाहिजेत, पावसाळ्यात उघडा पडलेला पुडा घेऊ नका.

दाजींची पद्धत मला पटली. आधी सगळीकडे फक्त टॅक, मग गाडीला लावून बघायचं, फाळका सोडायचा, लाईट बसवून बघायचे, आणि मगच काढून टेबलावर क्लॅम्प करून फुल वेल्ड, तोही एका टोकाकडून दुसरीकडे सलग नाही. दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे, हात लावून बघत. लांब शीटवर एका दमात टाका ओढला तर ती धनुष्यासारखी वाकते, मग हातोडा आणि शिव्या. वेल्डिंगची काळी काच दहा किंवा अकरा नंबरची, आणि बघायला आलेल्या पोरांना आधी लांब करा, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं झालं की बटाट्याचे काप ठेवून रात्र काढावी लागते. ग्राइंडरचा गार्ड काढून टाकायची सगळ्यांना खोड आहे, तो असू दे, एक मिलीच्या कटिंग व्हीलने घासायचं नाही, फुटतं.

रंगाचं आधी ठरवा, वेल्डिंग झाल्यावर नाही. मी पावडर कोटिंग ठरवलं आणि बंपर तयार झाल्यावर कळलं की बोलणं झालेल्या माणसाची भट्टी दीड मीटरची. झालं. सातपूरला मोठी भट्टी शोधण्यात दोन दिवस गेले. १८०-२०० डिग्रीला भाजतात, म्हणजे रबर, सेन्सर, रिफ्लेक्टर सगळं आधी काढलेलं पाहिजे, बोल्टची भोकं झाकायला सांगा, आणि बंद पाईपला खालून आठ-दहा मिलीची भोकं आधीच पाडून ठेवा, ती नसतील तर धुताना आत शिरलेलं पाणी तिथेच राहतं आणि आपल्याकडच्या एका पावसाळ्यात पाईप आतून खायला लागतो. पावडर जमत नसेल तर इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग, पण त्याच्या आधी शीटवरची काळसर निळी पापडी घासून काढायची, त्या पापडीवर मारलेला रंग पापडीसकट निघतो.

नंबर प्लेट झाकली जाता कामा नये, तिच्या वरचा दिवा चालला पाहिजे, टेललाईट बाजूने पण दिसला पाहिजे, लाल रिफ्लेक्टिव्ह टेप नवीन लावा, जुनी सोलून लावलेली चिकटत नाही. लाईटच्या वायरला लोखंडाच्या कडेतून जाताना रबरी ग्रोमेट, दहा रुपयांचा येतो, नसला की महिन्याभरात वायर घासून फ्यूज उडतो आणि आपण इलेक्ट्रिशियनला दोष देतो.

फिटिंगनंतर वजनकाट्यावर रिकामी गाडी एकदा चढवा, पावती जपून ठेवा. बोल्ट टॉर्क पाना मागून आणून आवळा, १२ मिलीच्या ८.८ ला कोरड्यावर ८५ न्यूटन मीटरच्या आसपास, मार्करने नट आणि प्लेटवर एक रेघ मारा. पहिली भरलेली फेरी करून आलात की रेघ सरकलीय का ते बघा, माझ्या डाव्या बाजूच्या दोन सरकलेल्या होत्या, पावडरचा थर वॉशरखाली दबला असणार. परत आवळल्या, नवीन रेघ मारली, तेव्हापासून जागच्या जागी आहेत. फाळका मात्र मी अजून दर वेळी हाताने धरूनच सोडतो.