डिझाइन कॉन्फरन्सला जाताय? या चुका टाळा

लातूर, नांदेड, परभणीकडून मुंबईला कॉन्फरन्सला जायचं म्हणजे प्रवेश शुल्क, गाडीभाडं, राहणं आणि वर दोन-तीन दिवस दुकान बंद. एवढा खर्च करून माणूस परत येतो तो गळ्यातलं ओळखपत्र आणि मोबाइलमधले पाचशे फोटो घेऊन. जीव हळहळतो, कारण चुका दरवेळी त्याच असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काम दाखवायला नुसती कोरलची (कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल नेणं. जालन्यात बियाण्यांच्या पिशव्या डिझाइन करणाऱ्या एकाचं असंच झालं. काम उत्तम होतं: सोयाबीनची पिशवी, शेंगांचं चित्र हातानं काढलेलं. चहाच्या सुट्टीत एका स्टुडिओच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "दाखवा की." शेजारच्याच्या लॅपटॉपवर कोरल होतं. पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, तर 'सोयाबीन'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला! फॉन्ट शोधण्यात सुट्टी संपली. बाई आत गेल्या, पुन्हा भेट नाही.

यामागचं कारण समजून घ्या. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फाइलमध्ये साठतो तो त्या जागेचा क्रमांक. ज्या मशीनवर तो फॉन्ट नाही, तिथे त्या जागेवरचं मूळ चिन्हच दिसणार. मुक्ता किंवा बालू यांसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे जिथे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो तिथे, 'क' हा 'क'च राहतो. फॉन्ट नसला तर मांडणी हलेल, पण मजकूर वाचता येईल.

म्हणून आधी मूळ फाइलची कॉपी करा, कारण कर्व्ह केलेला, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेला मजकूर नंतर टाइप करून दुरुस्त करता येत नाही. कॉपीत कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा, मग कंट्रोल-क्यू दाबून कर्व्ह करा. लॉक केलेला किंवा पॉवरक्लिपच्या (एका आकाराच्या चौकटीत बसवलेल्या भागाच्या) आतला मजकूर यातून सुटू शकतो, तेव्हा डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी बघा; एकही नाव दिसलं तर कुठेतरी मजकूर शिल्लक आहे. मग पीडीएफ काढा, आरजीबी म्हणजे स्क्रीनसाठीच्या रंगात. छपाईसाठीच्या सीएमवायके फाइलचे रंग फोनवर हमखास बदललेले दिसतात. दहा-बारा पानं पुरे, १० एमबीच्या आत, आणि फोनमध्येच साठवलेली. गर्दीच्या हॉलमध्ये नेटचा भरवसा धरू नका. शेवटी ती फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. आपल्या मशीनवर सगळंच बरोबर दिसतं. ही पाच मिनिटं वाचवणारेच पुढे 'मुंबईवाले आपल्याला विचारत नाहीत' म्हणतात, ते पटत नाही.

शक्य असेल तर छापलेली एक खरी पिशवी किंवा पत्रिका सोबत न्या. लोक ती हातात घेतात, उलटीपालटी करतात, कडेचं सीलिंग बघतात आणि बोलणं आपोआप सुरू होतं.

दुसरी मोठी चूक चहाच्या टेबलाजवळ होते. आपल्याकडचे पाच जण सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच घोळक्यात उभे. ओळखी ज्या काही होतात त्या या सुट्ट्यांतच, म्हणून सुट्टीत वेगळे व्हा, जेवताना एकत्र या. आणि वक्त्याजवळ जाऊन "कोणतं सॉफ्टवेअर वापरता?" किंवा "काही काम असेल तर सांगा" एवढंच बोलू नका. रोज आपल्या टेबलावर अडतं ते विचारा. उदाहरणार्थ, "प्लास्टिकच्या पिशवीवर बारीक मजकूर छापताना शाई पसरते आणि जोडाक्षरांच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते. तुम्ही काय करता?" अशा प्रश्नाला समोरचा माणूस थांबून उत्तर देतो. घरूनच असे तीन प्रश्न वहीत लिहून न्या.

कॉन्फरन्स निवडतानाही घाई नको. २००८ पासून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाच्या पुढाकारानं भरणारा टायपोग्राफी डे हा अक्षरांवर काम करणाऱ्यांसाठी. २००६ पासूनची क्योरियस डिझाइनयात्रा ब्रँडिंग, जाहिरात आणि स्टुडिओंच्या जगाकडे झुकलेली. लग्नपत्रिका आणि पाट्या हेच तुमचं रोजचं काम असेल तर टायपोग्राफी डे जवळचा.

कार्यशाळांच्या जागा बहुधा वेगळ्या भराव्या लागतात आणि लवकर संपतात. नांदेडहून येणारी तपोवन एक्स्प्रेस रात्री मुंबईत पोचते, तेव्हा तिनं जायचं तर आदल्या दिवशीच. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख वहीत टिपून ठेवा. प्रत्येक स्लाइडचा फोटो काढत बसू नका. एका व्याख्यानातून एक ओळ लिहा, तीही स्वतःच्या कोणत्या कामात वापरणार त्या कामाच्या नावासकट.

परतल्यावर लगेच पुढच्या गिऱ्हाइकाची पत्रिका कोरीकरकरीत पांढरी करून टाकणं हीसुद्धा चूकच. कॉन्फरन्समध्ये दिसलेली मोकळी जागा तिथल्या कामासाठी होती. इथं पत्रिकेत आजी-आजोबांपासून सगळ्यांची नावं येणार, आणि ती नीट वाचता येणं हेच तिचं डिझाइन आहे. त्यापेक्षा नावांच्या ओळींतलं अंतर आणि अक्षरांचे आकार यांवर एक दिवस घालवा.

आणि ओळख झाली त्यांना आठवड्याच्या आत निरोप पाठवा. नुसतं 'भेटून आनंद झाला' नको. असं लिहा: "नमस्कार मॅडम, शनिवारी चहाच्या वेळी सोयाबीनच्या पिशवीवरच्या जोडाक्षरांबद्दल बोलणं झालं होतं. तुम्ही म्हणालात तसं बोल्डऐवजी मीडियम घेतलं आणि अक्षर दोन पॉइंटांनी वाढवलं. छापलेल्या नमुन्याचा फोटो पाठवतोय. 'द्ध' आता मोकळा दिसतो, 'ष्ट्य' अजून भरतोय."