पचनाचे हार्मोन्स पाठ न करता लक्षात कसे ठेवायचे

सगळ्यात आधी पचनाच्या हार्मोन्सचा तो टेबल बाजूला ठेवा. नाव, पेशी, काम असं घोकलं की परीक्षेत सगळं एकमेकांत मिसळतं, त्यापेक्षा अन्नाच्या घासामागे जा आणि प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारा की इथे आत्ता काय आलंय आणि त्यावर कोणाला ओरडून सांगायचंय.

जठरात प्रोटीन आलं, जठर ताणलं गेलं की जठरातल्या ‘G’ पेशी गॅस्ट्रिन हा हार्मोन सोडतात, ते रक्तातून फिरून परत जठरातच येतं आणि ॲसिड वाढवतं. ॲसिड जास्त झालं की सोमॅटोस्टॅटिन हा दुसरा हार्मोन ब्रेक लावतं.

आता खरी मजा ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात. तिथे ॲसिड पोचलं, पीएच साधारण 4.5 च्या खाली गेला की सिक्रेटिन सुटतं आणि स्वादुपिंड बायकार्बोनेट ओततं, म्हणजे ॲसिड शांत, आणि ॲसिड शांत झालं की सिक्रेटिनही आपोआप कमी. 1902 मध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्यात आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडूनही हे होतं हे दाखवलं, म्हणजे निरोप रक्तातून जातो! फॅट आणि अमिनो ॲसिड आले की सीसीके (कोलेसिस्टोकायनिन): पित्ताशय आकुंचन पावतं, एन्झाइम्स येतात, जठर रिकामं व्हायचा स्पीड कमी होतो.

पोट रिकामं असताना मोटिलिन, ते आतडं झाडून काढणाऱ्या लाटा सुरू करतं. पण उंदराचं उदाहरण इथे देऊ नका, त्याच्यात मोटिलिनच नसतं.