एमडी-पीएचडीच्या अर्जाची तयारी : दोन वर्षं आधीपासून काय काय हाताशी हवं

पहिल्यांदा पदव्यांच्या नावांचा घोळ मिटवून घ्या. भारतात एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी म्हणजे एमडी. अमेरिकेत डॉक्टरकीची पहिली पदवीच एमडी. त्यामुळे तिथला एमडी-पीएचडीचा जोड अभ्यासक्रम चार वर्षांचं कॉलेज संपल्यावर सुरू होतो आणि वैद्यकीय शिक्षण व पीएचडी दोन्ही मिळून साधारण आठ वर्षं घेतो. पुण्या-नागपुरात एमबीबीएस झालेल्यांसाठी ही वाट जवळपास नाहीच, कारण डॉक्टरकीची पदवी त्यांच्या हातात आधीच असते. त्यांनी परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना अमेरिकेत लागणारं ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र आणि संशोधनाला वेळ देणारी रेसिडेन्सी (पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण), किंवा स्वतंत्र पीएचडी, याचा विचार करावा. पुढची सगळी यादी अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

आता कागदपत्रं, कारण इथेच अनेकांची दोन वर्षांची मेहनत अडकते.  १९६४ मध्ये एनआयएच या अमेरिकन सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने एमएसटीपी ही एमडी-पीएचडी कार्यक्रमांसाठीची अनुदान योजना तीन संस्थांपासून सुरू केली; आज अशा संस्था पन्नासच्या वर आहेत. या अनुदानातून नेमणूक होण्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड प्रत्यक्ष हातात लागतं. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे, एवढ्याने भागत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात पहिलीपासून शिकलेलं मूल आई-वडिलांमुळे मिळालेल्या एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असेल, तर बहुतेक कार्यक्रमांच्या हिशेबी ते परदेशी विद्यार्थीच ठरतं, आणि २१ वर्षांचं झाल्यावर साधारणपणे त्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. काही विद्यापीठं स्वतःच्या पैशातून अशा विद्यार्थ्यांना घेतात, पण थोडी. म्हणून पसंतीच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या कार्यालयाला ईमेल करून दोन प्रश्न विचारा: आमच्या व्हिसावर अर्ज चालतो का, आणि चालत असेल तर आठही वर्षांची फी आणि स्टायपेंड मिळतो का? उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

पैशांचा विषय निघालाच आहे, तर तेही मनाशी स्पष्ट करून घ्या. एमएसटीपीमध्ये साधारणपणे फी माफ असते आणि दरवर्षी स्टायपेंड मिळतो. कर्जाशिवाय डॉक्टर होता येतं, म्हणून ही वाट धरावी असं घरात कोणी सुचवलं, तर थांबा. नुसतं डॉक्टर झालेला सोबती चार वर्षं आधी रेसिडेन्सीत जातो आणि चार वर्षं आधी पूर्ण पगार घेऊ लागतो. पैशाच्या दृष्टीने हा सौदा फायद्याचा नाही, आणि निवड समितीला हा हेतू दहा मिनिटांत कळतो.

मग हवं काय? हवा एक प्रश्न. कोरा कागद घ्या आणि त्यावर असा एखादा प्रश्न लिहा, जो रुग्ण तपासल्याशिवाय नीट मांडता येत नाही आणि प्रयोगशाळेत वर्षं घातल्याशिवाय सुटत नाही. उदाहरणार्थ, एकाच औषधाला एकाच प्रकारच्या ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) काही रुग्ण दाद देतात, काही देत नाहीत, असं का? कागद कोराच राहिला तर घाबरू नका, पण अर्जाची घाईही करू नका. ज्याला नुसती रुग्णसेवा आवडते त्याने एमडी करावं, ज्याला नुसतं संशोधन आवडतं त्याने पीएचडी. दोन्ही वाटा सन्मानाच्याच आहेत, आणि साधं एमडी करूनही संशोधन करता येतं.

प्रयोगशाळेतलं काम हा अर्जाचा कणा. ठरावीक तासांची अट कुठेच नसते, पण दोन उन्हाळे पूर्णवेळ आणि दोन शैक्षणिक वर्षं आठवड्याला १०-१२ तास, तेही शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एवढं असेल तर बोलण्यासारखं काही साचतं. चार प्रयोगशाळांत तीन-तीन महिने काढलेल्यांची यादी लांब दिसते, पण प्रत्येक ठिकाणी नवीन तंत्र शिकण्यातच वेळ गेलेला असतो. फसलेला प्रयोग दुरुस्त करण्याची पाळी त्यांच्यावर कधी आलेलीच नसते. नेमकं तेच समितीला पाहायचं असतं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रयोगशाळा धरा. निवड करताना प्रमुखाच्या नावापेक्षा रोज तुम्हाला शिकवणार कोण ते पाहा: पोस्टडॉक (पीएचडीनंतर तिथे काम करणारा संशोधक) की पीएचडीचा विद्यार्थी, आणि तो अजून किती वर्षं तिथे आहे. शिकवणाराच सहा महिन्यांत निघून गेला तर प्रकल्प अर्धवट राहतो.

पहिल्या दिवसापासून नोंदवही नीट ठेवा. तारीख, प्रयोगाचा हेतू, कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) कोणते, अँटिबॉडीचा लॉट क्रमांक, पेशींचा पॅसेज क्रमांक (त्या कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या), आणि निकाल नकारार्थी आला तरी तो. दीड वर्षाने निबंध लिहिताना आणि मुलाखतीत हीच वही कामाला येते. वारंवार होणारी एक चूक सांगून ठेवतो. एकाच दिवशी, एकाच प्लेटमधल्या पेशींवर तीनदा मोजमाप घेतलं तर ती तांत्रिक पुनरावृत्ती झाली. जैविक पुनरावृत्ती नव्हे; तिला स्वतंत्रपणे घेतलेल्या पेशी लागतात. त्याला तीन स्वतंत्र नमुने म्हटलं की मुलाखत घेणारा प्राध्यापक तिथेच अडवतो. दुसरी गोष्ट मायकोप्लाझ्माची. या जंतूचा संसर्ग साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, पेशी वाढवायचं माध्यम गढूळही होत नाही, पण पेशींचं वागणं बदलून महिन्यांचे निकाल वाया जातात. तपासणी कधी झाली हे विचारण्यात विद्यार्थ्याने संकोच करू नये. शोधनिबंधात नाव आलं तर उत्तम, पण ती अट नाही. नाव असूनही त्यातली आपली आकृती समजावता आली नाही, तर नुकसानच होतं.

दवाखान्याची बाजू इथे बहुतेकांची कच्ची राहते. पुष्कळ ठिकाणी एमडी-पीएचडीची समिती आणि वैद्यकीय महाविद्यालयाची प्रवेश समिती, दोघींचा होकार लागतो. संशोधन उत्तम असूनही रुग्णांजवळ कधी बसलेलाच नाही, असा अर्ज दुसऱ्या टेबलावर अडतो. शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांबरोबर राहून त्यांचं काम पाहणं, करा, पण त्यात तुम्ही फक्त पाहता. म्हणून त्याच्या जोडीला आठवड्यातून एक दुपार, वर्षभर, जिथे रुग्णाशी प्रत्यक्ष बोलावं लागतं असं काही धरा: हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा), मोफत दवाखाना, दुभाष्याचं काम. घरी मराठी-हिंदी बोलणाऱ्या मुलांना दुभाष्याचं काम जवळचं वाटतं, पण रुग्णालयाचं रीतसर प्रशिक्षण घेतल्याशिवाय ते करू नका. डॉक्टर काकांच्या क्लिनिकमध्ये बसून पाहायला हरकत नाही. शिफारसपत्र मात्र नात्यातल्या माणसाचं चालत नाही. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील वहीतही नको आणि निबंधातही नको.

विषयांची यादी छोटी आहे: जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र प्रत्येकी एक वर्ष प्रात्यक्षिकांसह, बायोकेमिस्ट्री एक सत्र, शिवाय संख्याशास्त्र आणि इंग्रजी लेखन. थोडाफार फरक प्रत्येक महाविद्यालयात असतो. संख्याशास्त्र सक्तीचं नसलं तरी घ्याच, आणि त्याबरोबर आर किंवा पायथन ही संगणकभाषा. आजच्या प्रयोगशाळेत त्याशिवाय हात बांधल्यासारखे होतात.

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या एमकॅट परीक्षेत चार विभाग, २३० प्रश्न आणि सव्वासहा तासांचा प्रत्यक्ष पेपर असतो. गुण ४७२ ते ५२८ मध्ये मिळतात. एमडी-पीएचडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५१६ च्या आसपास असते, म्हणजे तेवढे नसलेल्यांनाही प्रवेश मिळतो. कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा लॉगरिदम आणि घातांकांची तोंडी गणितं सरावात ठेवा. विज्ञानातल्या हुशार मुलांना उताऱ्यांचा विभाग दगा देतो; तो आयत्या वेळी पाठांतराने सुधारत नाही, रोज दोन-तीन उतारे घड्याळ लावून वाचावे लागतात. एमकॅट घेणाऱ्या एएएमसी या संस्थेच्या अधिकृत सराव परीक्षा शेवटच्या सहा आठवड्यांसाठी राखून ठेवा. गुण महिनाभराने येतात, म्हणून अर्जाच्या वर्षी एप्रिलपर्यंत परीक्षा झालेली बरी. वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच बसता येतं, आणि प्रत्येक वेळचे गुण महाविद्यालयांना दिसतात. ‘नुसती देऊन तर पाहू’ म्हणून ही परीक्षा देऊ नये.

अर्ज ॲमकॅस या सामाईक व्यवस्थेतून जातो. मे महिन्यात तो भरायला खुला होतो, मे अखेरीपासून दाखल करता येतो. गुणपत्रिकांच्या पडताळणीला गर्दीच्या काळात कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दाखल झालेला अर्ज आणि ऑगस्टमधला अर्ज यांत मोठा फरक पडतो. टेक्सासच्या सरकारी महाविद्यालयांची टीएमडीएसएएस ही वेगळी व्यवस्था आहे. ॲमकॅसमध्ये तीन निबंध लागतात आणि मर्यादा मोकळ्या जागांसकट मोजली जाते: वैयक्तिक निबंध ५,३०० अक्षरं, दोन्ही पदव्या का हव्यात यावर ३,००० आणि संशोधनावर १०,०००. त्याखेरीज उपक्रमांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी, प्रत्येकी ७०० अक्षरांच्या. मोठा वाटला तरी संशोधनाचा निबंध सगळ्यात आधी लिहा, हिवाळ्याच्या सुट्टीतच. प्रत्येक प्रकल्पासाठी प्रयोगशाळा, मार्गदर्शक, कालावधी, मूळ प्रश्न, तुम्ही केलेला भाग, निघालेला निष्कर्ष आणि राहिलेली शंका, या क्रमाने गेलात की कुठे घसरायला होत नाही. ३,००० अक्षरांत आजीच्या आजाराची हकीकत मावत नाही; तो निबंध फक्त प्रश्नाचा आणि कामाच्या रूपरेषेचा.

या निबंधांत मराठी घरातल्या मुलांची एक अडचण हमखास दिसते. ‘मी केलं’ म्हणणं आपल्याकडे बढाई वाटते, म्हणून सगळा निबंध ‘आम्ही’वर चालतो. वाचणाऱ्याला मग कळतच नाही की जनुकाचा प्राइमर कोणी तयार केला आणि आकृती कोणी काढली. आपण केलं ते ‘मी’, दुसऱ्याने केलं ते त्याच्या भूमिकेचा उल्लेख करून, आणि एकत्र केलं तेवढंच ‘आम्ही’. यात बढाई नाही, हा प्रामाणिकपणा आहे.

शिफारसपत्रं फेब्रुवारी-मार्चमध्ये मागा. ॲमकॅसमध्ये दहापर्यंत पत्रं चालतात, पण पाच-सहा पुरे. ज्यांच्या हाताखाली लक्षणीय संशोधन केलं त्या प्रत्येकाचं पत्र हवं. एखाद्या प्रयोगशाळेचा निबंधात उल्लेख आहे आणि तिथलं पत्र नाही, तर वाचणारा शंका घेतोच. पत्र लिहिणाऱ्याला तुमचा सीव्ही, निबंधाचा मसुदा आणि तुम्ही केलेल्या प्रयोगांची एक पानाची टिपणी द्या. रोज शिकवणाऱ्या पोस्टडॉकने मसुदा करून प्रमुखासह सही केलेलं पत्र सगळ्यात तपशीलवार उतरतं. मागताना विचारा, ‘तुम्ही माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का?’ उत्तर देताना समोरचा घुटमळला तर आभार माना आणि दुसऱ्याकडे जा.

महाविद्यालयं १५ ते २० निवडा. क्रमवारीपेक्षा प्रत्येक ठिकाणी तुम्ही खरोखर जाल अशा तीन-चार प्रयोगशाळा आहेत का, ते पाहा. नंतर विचारा: सरासरी किती वर्षं लागतात, किती जण पीएचडी अर्धवट सोडतात, पीएचडीच्या वर्षांत आठवड्याला किंवा महिन्याला एखादं क्लिनिक करता येतं का. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण चार वर्षं स्टेथोस्कोप हातात न घेता थेट वॉर्डात परतलेल्या विद्यार्थ्याला पहिले दोन-तीन महिने फार जड जातात. जोड प्रवेश नाकारला तर नुसत्या एमडीसाठी अर्ज पुढे पाठवायचा का, याचा पर्याय काही ठिकाणी अर्जातच विचारतात. त्याचं उत्तर घरी बोलून आधी ठरवा.

त्या बोलण्यात वयाचा हिशेबही मांडा. बाविसाव्या वर्षी प्रवेश, तिसाव्या वर्षी दोन्ही पदव्या. पुढे इंटर्नल मेडिसिनचा संशोधन मार्ग घेतला तर किमान दोन वर्षं रेसिडेन्सी, उपशाखेचं प्रशिक्षण आणि ८० टक्के वेळ संशोधनाची तीन वर्षं. स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत पस्तिशी उलटते. लग्न, मुलं, आई-वडिलांचं आजारपण, सगळं याच वर्षांत येतं. ‘सेटल कधी होणार?’ हा आजी-आजोबांचा प्रश्न रास्त आहे. त्याला हा खरा आकडा सांगावा, गोल उत्तर देऊ नये.

जुलै-ऑगस्टमध्ये महाविद्यालयांचे दुय्यम निबंध येतात. प्रत्येकाला दोन आठवड्यांत उत्तर द्या. मुलाखती सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतात, बहुधा एक ते दोन दिवस आणि अनेक प्राध्यापकांबरोबर. प्रकल्प दोन मिनिटांत, दहा मिनिटांत आणि फळ्यावर आकृती काढून, असा तीन प्रकारे सांगण्याचा सराव करा. ऐकायला एकदा त्याच विषयातला माणूस बसवा आणि एकदा विज्ञानाशी संबंध नसलेली मावशी. ठरलेले प्रश्न हे: कंट्रोल कोणता होता? निकाल उलटा आला असता तर काय समजला असतात? पुढचा प्रयोग कोणता? शेवटच्या प्रश्नावर गप्प बसणारा उमेदवार मागे पडतो, कारण तो दुसऱ्याने दिलेलं काम करत होता हे उघड होतं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही, पण असं तपासता येईल’ एवढं म्हणावं. विद्यार्थ्यांबरोबरच्या जेवणात पीएचडीच्या चौथ्या-पाचव्या वर्षातल्या कोणाशी तरी जरूर बोला. पहिल्या वर्षातली मुलं अजून उत्साहात असतात.

३० एप्रिलपर्यंत एकच जागा हातात ठेवायची असते. नको असलेल्या जागा त्याआधीच सोडा, प्रतीक्षा यादीवर कोणीतरी ताटकळत असतं. पुष्कळ कार्यक्रम ऑगस्टऐवजी जून-जुलैमध्येच पहिल्या लॅब रोटेशनने (एखादी प्रयोगशाळा पारखण्यासाठी तिथे काही आठवडे काम करणं) सुरू होतात, तेव्हा घरभाड्याचा करार त्या तारखेप्रमाणे करा. हिपॅटायटिस-बी आणि कांजिण्यांच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या, क्षयाची तपासणी मे महिन्यातच उरकून घ्या. हिपॅटायटिस-बीचे डोस पुन्हा घ्यावे लागले तर सहा महिने जातात. आणि जुन्या प्रयोगशाळेतून निघण्यापूर्वी उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधल्या आपल्या प्रत्येक डब्याची यादी करा, पुसट झालेल्या लेबलांवर नाव, तारीख आणि पॅसेज क्रमांक पुन्हा लिहा, कच्ची आकडेवारी आणि कोड सामाईक ड्राइव्हवर ठेवा आणि नोंदवही तुमच्या जागी येणाऱ्याच्या हातात द्या.